बुडालेल्या दरीचा नकाशा

मित्रांनो, मी वेल्सच्या डोंगराळ मुलखाचा एक नकाशा आहे. जुना तर आहेच, पण नुसता जुना असतो तर एवढे वाईट वाटले नसते. मी आता चुकीचा आहे. माझ्यावर कुम एर्विन नावाची एक दरी आहे, तिच्यात सात घरे आहेत, एक चॅपल म्हणजे लहानसे प्रार्थनाघर आहे, ओढ्यावर दगडी पूल आहे. प्रत्यक्षात तिथे साठ वर्षे पाणी उभे आहे. तरी माझी घडी उलगडली की ती दरी कोरडीच्या कोरडी समोर येते. मला दुसरे काही दाखवताच येत नाही.

माझा जन्म एका मोठ्या छापखान्यात झाला. त्याआधी माणसे तिपाईवर दुर्बिणी लावून या डोंगरांत उन्हापावसात फिरली होती. त्यांनी मोजलेले सगळे माझ्या अंगावर उतरले. आधी काळा रंग आला, त्यात घरे आणि कुंपणे. मग निळा, त्यात ओढे. शेवटी तपकिरी बारीक रेषा, ज्यांच्यावरून डोंगराची उंची कळते. घडी फाटू नये म्हणून माझ्या पाठीला सुती कापड चिकटवले. मी कोरा करकरीत होतो आणि अगदी बरोबर होतो. त्या दिवसांचा मला अजून अभिमान वाटतो.

मला विकत घेतले मेउरिगने. हा कुम एर्विनमधल्या हेन्दी नावाच्या घरात राहणारा मेंढपाळ. डोंगरापलीकडच्या पेन्त्रे ईसा गावात तो लोकर घेऊन आला होता. दुकानात त्याचे सोबती हसले.

“काय रे मेउरिग, स्वतःच्या दारात उभं राहायला नकाशा लागायला लागला का तुला?”

“माझं दार छापून आलंय,” तो म्हणाला. “तेवढं बघायला घेतोय.”

आणि खरेच, त्याने मला दुकानातच उलगडले आणि ‘हेन्दी’ हा शब्द जाड बोटाने दोनदा चोळला. पुढची तेरा-चौदा वर्षे मी त्याच्या कोटाच्या आतल्या खिशात राहिलो. वाट त्याला पाठच होती, पण विश्रांतीला बसला की तो मला मांडीवर पसरायचा. हेन्दीपासून केवन हिर या लांबलचक डोंगरधारेवरून पेन्त्रे ईसापर्यंतची दहा मैलांची वाट त्याने माझ्यावर पेन्सिलीने ओढून ठेवली होती.

दुसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यात त्याने माझ्यावर आणखी एक खूण केली. त्या वर्षी बर्फ इतके पडले की पंधरा दिवस दरीबाहेर कुणी जाऊ शकले नाही. त्यातच मेउरिगच्या बायकोला मुलगा झाला. सकाळी झाला आणि दुपारचा चहा व्हायच्या आत गेला. पाद्रीबाबा येणे शक्य नव्हते. बाप्तिस्मा नाही, नोंद नाही. मेउरिगने घरामागच्या रोवनच्या झाडाखाली कुदळीने गोठलेली जमीन फोडली. घरात येऊन हात न धुताच त्याने मला टेबलावर पसरले आणि हेन्दीच्या चौकोनामागे पेन्सिलीचे एक टिंब दिले. टेबलाशी त्याची सात वर्षांची मुलगी एलिनेद उभी होती. तिने विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. दोघांना माहीत होते.

एलिनेद एकोणीस वर्षांची झाली तेव्हा धरणाची माणसे आली. खालच्या टोकाला भिंत उभी राहणार होती आणि पाणी दूरच्या एका मोठ्या शहराला जाणार होते. चॅपलच्या आवारातली थडगी वहीत बघून एकेक करून हलवली गेली. हेन्दीच्या दारातही वही घेऊन माणूस आला. “तुमच्या घरचं आणखी कुणी पुरलेलं आहे का इथे?” त्याने विचारले. मी मेउरिगच्या खिशात होतो.

“नाही,” मेउरिग म्हणाला.

त्यानंतर तो पेन्त्रे ईसात राहायला आला. मला त्याने कपाटात ठेवले आणि मरेपर्यंत पुन्हा उघडले नाही.

मित्रांनो, दुर्लक्ष म्हणजे काय ते मला तेव्हा कळले. जवळजवळ साठ वर्षे मी टेबलक्लॉथच्या खाली पडून होतो. तेवढ्या काळात नवे नकाशे निघाले. त्यांच्यावर कुम एर्विनच्या जागी निळा डाग आला, आणि केवन हिरच्या पलीकडच्या उतारावर सरकारने लावलेल्या स्प्रूस या सुईसारख्या पानांच्या झाडीचा हिरवा पट्टा आला. माझ्या अंगावर यातले काहीच आले नाही. ते कोण आणून देणार होते?

मग तो कोरडा उन्हाळा आला. एलिनेद तेव्हा सत्त्याहत्तर वर्षांची होती. हृदय थकले होते आणि डॉक्टरांनी जिना चढायलाही मनाई केली होती. तिचा मुलगा हेविन शाळेची बस चालवायचा, मुलगी नेरिस गावोगाव फिरून आजाऱ्यांची शुश्रूषा करायची. एका सकाळी हेविनने वर्तमानपत्र आणून तिच्यापुढे टाकले. तलावाचे पाणी खूप खाली गेले होते. फोटोत चिखलातून वर आलेल्या भिंती दिसत होत्या.

“बघ माम, तुझं गाव वर आलंय.”

एलिनेदने चष्मा लावला, बराच वेळ पाहिले, आणि म्हणाली, “कपाटातून तुझ्या ताइदचा नकाशा काढ.”

आजोबांना आमच्याकडे ताइद म्हणतात. अशा रीतीने मी पुन्हा उजेडात आलो. तिने ते टिंब दोघांना दाखवले आणि सत्तर वर्षांत पहिल्यांदा त्या बाळाविषयी बोलली.

“वहीवाला आला तेव्हा मी दारामागे उभी होते,” ती म्हणाली. “म्हटलं, आता बाबा सांगतील. आता सांगतील. तो माणूस टोपी घालून निघून गेला तरी मी तिथेच.”

“मग तू का नाही सांगितलंस?” नेरिसने विचारले.

“तेव्हा बापापुढे बोलायची पद्धत होती का आमच्यात? आणि मग पाणी आलं.” तिने चहाचा कप बाजूला सरकवला. “मला काही आणायला नकोय रे तिथून. कुणीतरी फक्त त्याच्यापाशी जाऊन उभं राहा. आपल्या घरातलं कुणीतरी. एकदा.”

हेविन म्हणाला, “जातो.” नेरिस म्हणाली, “एकटा नाही जायचास. तुझा गुडघा मी बघितलाय.”

धरणाकडून जाता येत नव्हते. भिंतीवरून रस्ता होता, पण तलावाकडे उतरायच्या जागी कुलूपबंद फाटक होते आणि काठाने वाट नव्हती. उरली मेउरिगची डोंगरातली वाट. दहा मैल जायचे, दहा मैल यायचे, आणि सगळी मिळून पाच हजार फुटांची चढाई. तेही एका दिवसात, कारण मध्ये मुक्कामाला जागा नाही.

त्या आठवड्यात स्वयंपाकघरातल्या टेबलावर रोज माझी घडी उघडायची. मी खूप वर्षांनी सुखात होतो हे मला कबूल केले पाहिजे. एलिनेदने लोकरीचा धागा माझ्यावरच्या पेन्सिलीच्या रेषेवर वळणावळणाने बसवला, मग तो ताणून माझ्या मापपट्टीवर धरला. नेरिस वहीत लिहीत होती. तीन मैलांना एक तास. हजार फूट चढायला अर्धा तास जास्त. विश्रांती आणि हेविनचा गुडघा धरून जाताना साडेपाच तास, येतानाही तेवढेच. सातला निघालो तर साडेबारापर्यंत हेन्दी. तिथे तासभर. परत येईपर्यंत संध्याकाळचे सात. साडेसातला अंधार.

“म्हणजे दीड वाजला की असू तिथून मागे फिरायचं,” नेरिस म्हणाली. “पोचलो असू किंवा नसू.”

“हो, हो, सिस्टरबाई.”

“हसू नकोस. लिहून सही घेईन तुझी.”

“खायला काय?” एलिनेदने विचारले. “चीजचे सँडविच देते. आणि मनुकांचा पाव. पाणी भरपूर न्या, वरचे झरे आटलेत म्हणतात.”

शुक्रवारी त्यांचा शेजारी इद्वल आला. केवन हिरच्या अलीकडच्या उतारावर त्याची मेंढरे चरायची. तो उभ्याउभ्याच माझ्यावर वाकला आणि पलीकडच्या उतारावर त्याने बोट ठेवले.

“इथून जाताय? इथे मोकळा उतार आहे असं कोण म्हणतं?”

“वाट आहे की,” हेविन म्हणाला. “ही काय.”

“कागदावर आहे. तिथे स्प्रूस लावलेत सगळे. दोन वर्षांपूर्वीच्या वादळात अर्धे आडवे झाले. माझा कुत्रासुद्धा आत जात नाही. वरून कडेकडेने जा, झाडीला वळसा घालून. दीड मैल वाढेल, पण पोचाल.”

“दीड मैल म्हणजे चढ धरून पाऊण तास गेला ना पण,” हेविन म्हणाला. “आमच्याकडे पाऊण तास नाहीये.”

“मग पहाटे निघा.”

“नवा नकाशा तरी घेऊ या,” नेरिस म्हणाली.

“नव्या नकाशात जायची जागाच नाही गं. नुसतं पाणी आहे.” हेविनने तळहात माझ्यावर टेकवला. “ताइद याच वाटेनं जायचे ना, माम?”

एलिनेद म्हणाली, “डोळे मिटून जायचे.”

मित्रांनो, मला आवाज असता तर मी तेव्हाच सांगितले असते की इद्वलचे ऐका. पण खोटे कशाला बोलू? त्या क्षणी माझ्यावर कुणीतरी इतका विश्वास ठेवतो आहे याचाच मला आनंद झाला होता.

शनिवारी सातला ते निघाले. मला हेविनने पारदर्शक पिशवीत घालून गळ्यात अडकवले होते. सुरुवात इतकी चांगली झाली की नेरिससुद्धा गुणगुणायला लागली. पहिला चढ उभा होता, पण हवा गार होती. केवन हिरवर ढग नव्हता. त्यापुढच्या खोलगट भागात एरवी पोटरीएवढी दलदल असते, ती उन्हाळ्याने वाळून टणक झाली होती. नेरिसने घड्याळ पाहिले.

“वीस मिनिटं पुढे आहोत आपण. विश्वास बसतोय का?”

“मी म्हटलं नव्हतं?” हेविन म्हणाला आणि मला थोपटले.

सव्वादहाला ते झाडीपाशी पोचले. माझी रेषा सरळ आत जात होती. झाडांच्या रांगांमध्ये पायवाटेसारखे काही दिसतही होते.

“वरून जाऊ या,” नेरिस म्हणाली. “इद्वल म्हणाला तसं. आपल्याकडे वीस मिनिटं शिल्लक आहेत.”

“अगं, समोर वाट दिसतेय. एक मैल आहे फक्त. अर्ध्या तासात पलीकडे.”

दोनशे पावलांवर वाट संपली. पुढे आडवी झाडे होती, एकावर एक, कमरेएवढी. त्यांच्यावरून चढायचे, खालून सरपटायचे. मध्ये पाणी काढायचे चर खणलेले, त्यांच्यावर फांद्या पडलेल्या, त्यामुळे पाय कुठे जाईल कळत नव्हते. आत दिवसासुद्धा संध्याकाळसारखा उजेड होता. हेविन दर थोड्या वेळाने मला वर धरायचा आणि म्हणायचा, “इथे कुंपणाची भिंत असायला हवी.” भिंत होती खरी. ती मुळांखाली कुठेतरी पुरली गेली होती. एकदा तो चरात पडला आणि गुडघा धरून बसून राहिला.

“मागे जाऊ या का?” नेरिसने विचारले.

“अर्ध्याच्या वर आलोय आपण.”

“ते तुला कसं कळलं?”

त्याने माझ्याकडे पाहिले. उठला आणि चालू लागला.

ते बाहेर पडले तेव्हा एक वाजून दहा मिनिटे झाली होती. दोघांच्या हातांतून रक्त येत होते. समोर उतार तुटत होता, आणि खाली, खूप खाली, कुम एर्विन होती. भेगाळलेला राखाडी चिखल, मधे उरलेला पाण्याचा पट्टा, पुलाची एक कमान. आणि डाव्या हाताला, उताराच्या पायथ्याशी, ढोपराएवढ्या उरलेल्या भिंतींचा एक चौकोन. हेविनने मला आडवे धरून त्या दरीशी जुळवले. पुलापासून चौकोनाचे अंतर माझ्यावर होते तेवढेच खाली होते. साठ वर्षांत मी पहिल्यांदा बरोबर ठरलो.

“हेन्दी,” तो म्हणाला.

“हेविन, किती वाजले बघ.”

“खाली जायला तासभर.”

“आणि वर यायला दीड. आणि मग झाडीला वळसा, आणि मग आठ मैल. या गुडघ्यावर. दहा वाजतील.”

“वाजू देत.”

“माझ्याकडे बघ. तू वर कुठे अडकलास तर मी तुला ओढू शकणार नाही. आणि तिथे माम एकटी बसलीय, हृदय तसलं. आपण आठला आलो नाही तर ती काय करील?”

हेविन उतारावरून खाली निघाला. वीस-पंचवीस पावले गेला असेल. प्रत्येक पावलाला त्याचा डावा पाय लटपटत होता. मग तो थांबला, दगडावर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकले. नेरिस त्याच्यापाशी गेली. शेजारच्या दगडावर बसली. दीड वाजला, तेव्हा दोघे उठले. हेविनने मोबाइलवर फोटो काढला. मग टोपी काढून तो त्या चौकोनाकडे तोंड करून क्षणभर उभा राहिला, आणि ते मागे वळले.

घरी पोचायला त्यांना पावणेआठ झाले. एलिनेद टेबलाशी बसली होती. पुढे तीन ताटल्या मांडलेल्या.

“दिसलं?”

“वरून दिसलं, माम. भिंती दिसल्या.” हेविन खाली बघत होता. “खाली नाही जाता आलं.”

“झाड?”

“नाही दिसलं.”

“नसणारच,” ती म्हणाली. “पाणी यायच्या आधी सगळी तोडली होती. मलाच उगीच वाटलं.” तिने फोटो हातात घेतला. बोटाने मोठा केला, तर नुसते राखाडी ठिपके झाले. “बरं केलंत मागे फिरलात ते. जेवून घ्या, हेविन बाख.”

तुमच्याकडे लाडाने ‘बाळा’ म्हणतात तसे आमच्याकडे ‘बाख’ म्हणतात. चोपन्न वर्षांचा हेविन ते ऐकून रडू लागला.

“माझी चूक झाली, माम. इद्वलचं ऐकलं असतं तर पोचलो असतो.”

“पुढच्या शनिवारी जा,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चॅपलमधून आल्यावर तिने पुन्हा मला पसरले. इद्वलला बोलावून झाडीचा आकार माझ्यावर काढून घेतला, त्याला वळसा घालणारी नवी रेषा ओढली, धागा लावला. साडेअकरा मैल आले. पहाटे साडेपाचला निघायचे ठरले. इद्वलने केवन हिरच्या पायथ्यापर्यंत गाडीने सोडायचे कबूल केले. नेरिसने वहीत सगळे नव्याने लिहिले. ती योजना अगदी चोख होती. माझ्या आयुष्यात माझ्यावर इतकी चांगली योजना कुणी आखली नव्हती.

बुधवारी पाऊस सुरू झाला.

तो शनिवारीही थांबला नाही आणि त्यापुढच्या शनिवारीही नाही. लोक खूश होते. मेंढरांना गवत मिळणार होते. महिनाअखेरीस वर्तमानपत्रात तलावाचा आणखी एक फोटो आला, भरत चाललेल्या. हेविनने ते वर्तमानपत्र घरात आणलेच नाही, पण एलिनेदने शेजारणीकडे पाहिले. त्यानंतर तिने योजनेचे नाव काढले नाही. फेब्रुवारीत ती गेली.

तिच्या मागे नेरिसने एक शेवटचा प्रयत्न केला. धरणाच्या भिंतीजवळ एक दगड आहे, त्यावर हलवलेल्या थडग्यांतल्या लोकांची नावे कोरली आहेत. त्यात या बाळाचीही ओळ असावी म्हणून ती मला घेऊन एका कार्यालयात गेली. तिथला माणूस सभ्य होता. त्याने मला जपून उलगडले.

“बाळाचं नाव काय?”

“ठेवलं नव्हतं.”

“जन्मतारीख?”

“त्या वर्षीचा हिवाळा. बर्फ पडलं होतं तेव्हा.”

“कुठे नोंद? पत्र? कुणी माहीतगार आहे?”

“होती. माझी आई.”

त्याने चष्मा वर करून हेन्दीच्या मागे बराच वेळ पाहिले. मग मला पुन्हा बरोबर घडीवर मिटले, जे फार थोड्यांना जमते, आणि नेरिसच्या हातात दिले.

“बाई, माफ करा. यावर काही लिहिलेलंच नाहीये.”

तो खोटे बोलत नव्हता. मेउरिगला लिहिता येत होते, पेन्सिल हातात होती, आणि माझ्यावर जागाही होती. त्याने टिंब दिले.

आता मी नेरिसच्या खणात आहे. माझे कापड घड्यांवर विरले आहे आणि एक तुकडा सुटायला आला आहे. हेविन डोंगरात जात नाही. रोज दोनदा तो शाळेची बस घेऊन धरणावरून जातो. मुले तलावाकडे बोट दाखवून ओरडतात, आणि तो समोर रस्त्याकडे बघत राहतो.

मित्रांनो, तुमच्यापाशी एक मागणे आहे. जुना नकाशा जपा, पण त्याच्या भरवशावर एकट्याने वाट धरू नका. तिथे राहणाऱ्या माणसाला आधी विचारा, आणि तो वळसा घाला म्हणाला तर वळसा घाला. आणि तुमच्या घरात एखाद्या कागदावर कुणा म्हाताऱ्या माणसाने नुसती खूण करून ठेवली असेल, तर आज संध्याकाळी त्याच्याजवळ बसा. ही कशाची म्हणून विचारा. तो सांगेल ते शेजारी शाईने, पूर्ण शब्दांत लिहा. आम्हा कागदांवर कुणी लिहिलेच नाही, तर आम्ही काहीच सांगू शकत नाही.